हाडातला सूर

साडेदहाला मनोऱ्याने दुसरीच चाल वाजवली. गोडेलीव्ह त्या वेळी पाववाल्याच्या दुकानातून बाहेर पडत होती. उजव्या हातात कागदी पिशवी, डावा हात कोटाच्या खिशात कोंबलेला. कारण बाहेर सोडला तर तो दाराला, खांबाला, येणाऱ्याजाणाऱ्याला आपटत राही आणि तिला पत्ताही लागत नसे. गेली दोन वर्षं दर अर्ध्या तासाने वरून जी चाल चौकात उतरे ती तिने बसवलेली होती. घड्याळाला जोडलेला तो पितळी ढोल माणसापेक्षा उंच. त्याच्या भोकाभोकांत एकेक खुंटी हाताने पिळून बसवायची. ढोल फिरला की खुंटी दांडीला ढकलते, दांडी तार ओढते, तार वरच्या घंटेचा लोलक हलवते. तीन दिवसांचं काम, गुडघे सोलून निघतात आणि हातांचा पितळी वास आठवडाभर जात नाही. सप्टेंबरात झटका येऊन तिचा डावा हात गेला तरी ढोल फिरतच होता. खिडकीत बसून ऐकताना तिला वाटे, आपण अजून वरच आहोत, खाली खुर्चीत बसलेली ही बाई दुसरीच कोणीतरी आहे. आज मात्र पहिल्या तीन सुरांनंतर चाल खाली यायची ती वर गेली. गोडेलीव्ह जागच्या जागी थांबली. मागून येणारी सायकल तिला वळसा घालून गेली, सायकलवाल्याने एक शिवी हासडली. चौकात दुसऱ्या कोणाचंही काही अडलं नाही. पाव घेऊन, कुत्री घेऊन, मुलं घेऊन माणसं चालत राहिली. आणि चाल चांगली होती, हे तिला कबूल करावं लागलं. स्वच्छ, सुटसुटीत, खालच्या मोठ्या घंटांना उगाच हात न घातलेली. तिनेच तसं शिकवलं होतं.

घरी येऊन कोटसुद्धा न काढता तिने आनेलोरेला फोन लावला. आनेलोरे तिची जुनी विद्यार्थिनी, आता चाळिशी ओलांडलेली. सप्टेंबरपासून मनोऱ्यात गोडेलीव्हच्या जागी तीच वाजवत होती. तात्पुरती, असं सगळे म्हणत.

"बाई, मी सांगणारच होते तुम्हाला," आनेलोरे पलीकडून घाईघाईने म्हणाली. "ईस्टरच्या आधी खुंट्या बदलायच्याच असतात ना. दोन वर्षं झाली."

"मला माहीत आहे किती झाली ते."

"तुम्हाला वर येता आलं असतं, तर मी..."

"येता आलं असतं तर काय?"

"काही नाही, बाई." मग समजूत घालत, "तुमच्या खुंट्या मी जपून ठेवल्यात. वेगळ्या डब्यात."

गोडेलीव्हने फोन ठेवून दिला. डब्यात! माणूस गेल्यावर त्याची कवळी घरच्यांनी ठेवावी तशा. टेबलाच्या खणात नगरपालिकेचं पत्र होतं. ते सभ्य होतं, इतकं की त्यात भांडायला जागाच नव्हती. एक मेला उन्हाळी मैफिली सुरू होतात. त्याआधी आपण पुन्हा वाजवू शकाल की नाही ते कळवावं, नसल्यास शहराला कायमचा वादक नेमावा लागेल, आपल्या सव्वीस वर्षांच्या सेवेबद्दल शहर कृतज्ञ आहे वगैरे. आज मार्चची चोवीस तारीख. आणि हॉस्पिटलातल्या उपचाराची वीसपैकी पंधरा सत्रं झालेली.

दुपारच्या गाडीत ती नदीच्या बाजूला बसली. डावा हात उचलून मांडीवर ठेवला, ओला टॉवेल ठेवावा तसा. बेयार्ड, म्हणजे मनोऱ्यातलं घंटांचं वाद्य, वाजवायला बोटं लागत नाहीत, हे लोकांना खरं वाटत नाही. एकोणपन्नास घंटा, त्यांच्या एकोणपन्नास लाकडी दांड्या, आणि दोन मुठी. अर्धी मिटलेली मूठ, करंगळीची कड दांडीवर उतरवायची, मारायची नाही, उतरवायची. पहिल्या वर्षी करंगळ्या सुजून काळ्यानिळ्या होतात. एवढीशी मूठ! तिने डॉक्टरांकडे पियानोवाल्यासारखी दहा बोटं मागितलीच नव्हती. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी खाली बाजार भरला होता, ती वर एकटी वाजवत होती, आणि डाव्या हाताखालच्या दांड्या अचानक मुक्या झाल्या. मूठ खाली गेली, घंटा वाजली नाही. तिला वाटलं, तार तुटली. हात तुटलाय असं कोणाला वाटेल? सव्वीस वर्षांत बाराएक तारा तुटल्या होत्या, थंडीने, गंजाने, एकदा कबुतराने. हात एकदाही तुटला नव्हता. उजवा हात आणि पाय यांच्यावर तिने ते गाणं शेवटपर्यंत नेलं, मग तेलाची बुधली खिशात घालून शिडीने घंटांच्या खोलीत चढली, कशी चढली देव जाणे, आणि एकेक तार तपासू लागली. सगळ्या अखंड. पुन्हा पहिल्यापासून तपासल्या. तोंडाचा कोपरा ओघळत होता, तो तिने बाहीने पुसला आणि वाऱ्याला दोष दिला. पाऊण तास तिने धडधाकट तारांत खोट शोधली. दुसरा कोणीही माणूस, खाटीक असो की कारकून, हात लुळा पडल्यावर ओरडला असता, खाली धावला असता. "जरा आधी आला असतात तर," डॉक्टर म्हणाले होते. "मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं औषध वेळेत दिलं तरच लागू पडतं." आणि हॉस्पिटलातून घरी आल्यावर चीजवाल्याने तिला थांबवून सांगितलं होतं, "त्या शनिवारी काय हळुवार वाजवलंत हो! नाहीतर एरवी डोकं उठवता." तो चेष्टेत बोलला होता, प्रेमाने.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर बाकावर ओडिलॉन आधीच येऊन बसला होता. साठी उलटलेला, रुंद, लाल मानेचा शेतकरी. तीन पिढ्या विटलोफ पिकवणारं घर. मुळं तळघरात काळोखात ठेवून त्यांना फुटणारे पांढरे कडसर कोंब विकायचे, त्यांना उजेड लागला की भाजी हिरवी पडून वाया जाते. जानेवारीत तळघरातच झटका आला आणि त्याचा उजवा हात गेला. बोलणं शाबूत राहिलं, पण मधेच एखादा शब्द निसटे, आणि मग ओडिलॉन त्या जागी बेधडक विटलोफ घाली.

"काय घंटेवाली, तोंड का उतरलंय? दोरी कापली का कोणी?"

"मनोऱ्यातली चाल बदलली. मला न विचारता."

"मग चालायचंच. माझ्या पोराने मला न विचारता ट्रॅक्टर बदलला. वर मलाच म्हणतो, बाबा, रंग आवडला का?" त्याने उजव्या हाताने कागदी कप उचलला. हात थरथरत वर गेला, ओठांपाशी पोचला, परत आला. शर्टावर कॉफीचा ओघळ. "बघितलंस? अर्धी माझी, अर्धी शर्टाची. मागच्या आठवड्यात सगळी शर्टाची होती. खरं मिळतंय मला. तुला सांगतो, फुसकं असतं तर हे विटलोफ असं उचललं नसतं." कपाला तो म्हणत होता.

खरं आणि फुसकं हे शब्द त्याचेच. हॉस्पिटलात नव्या उपचाराचा जो अभ्यास चालला होता त्याची रीत अशी होती की निम्म्या रोग्यांच्या डोक्यात खराखुरा आवाज सोडायचा आणि निम्म्यांच्या डोक्याला तेच यंत्र लावून नुसतं नाटक करायचं. कोण कुठल्या गटात हे रोग्याला ठाऊक नाही आणि यंत्र लावणाऱ्या डॉक्टर सेगर्सनाही नाही. तो निवाडा कुठल्याशा कॉम्प्युटरमध्ये बंद. ज्यांना नाटक मिळालं असेल त्यांना ऑक्टोबरात खरं देणार, असं कबूल केलेलं. पहिल्या दिवशी डॉक्टर सेगर्सनी सगळं समजावलं होतं. ऐकू न येणारा आवाज, कवटी न उघडता आत जाणारा, मेंदूच्या हात हलवणाऱ्या नेमक्या तुकड्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी गोळा होणारा. झोपलेल्या पेशींना तो हलवून जागं करील अशी आशा. त्यानंतर लगेच तासभर हाताचा व्यायाम. "ऐकू येत नाही, तर मग कानाला हे कशाला?" गोडेलीव्हने हेडफोनकडे बोट दाखवून विचारलं होतं. डॉक्टर घुटमळल्या. पण ही बाई वादक आहे, हिला थातुरमातुर सांगून चालणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. "आवाज ऐकू येत नाही," त्या म्हणाल्या, "पण तो सलग नसतो. सुरू-बंद, सुरू-बंद, सेकंदाला हजार वेळा. ती उघडझाप काहींना हाडातून ऐकू येते, बारीक सुरासारखी. त्यावरून कोणी ओळखू नये म्हणून कानात आम्ही तसाच गुणगुणाट सोडतो. खरं असो की नाटक, सगळ्यांना सारखा." मग त्यांनी जीभ चावली. "हे मी तुम्हाला सांगायला नको होतं."

आणि खरंच नको होतं. कारण पहिल्याच सत्रात त्या गुणगुणाटाखाली गोडेलीव्हला लाट ऐकू आली होती. दोन तंबोरे जवळजवळ जुळलेले असावेत, पण अगदी केसभर फरक राहिलेला असावा, तेव्हा मधे जी हेलकावणारी लाट उठते ती. घंटा ओतणाऱ्यांच्या कारखान्यात तिने वर्षभर उमेदवारी केली होती; तिथे दिवसभर हेच काम, घंटेला कान लावून लाट मोजायची आणि ती मरेपर्यंत आतून धातू खरवडायचा. लाट आहे म्हणजे सूर दोन आहेत. एक कानातला, आणि दुसरा? हेडफोनच जुना असेल, तिने स्वतःला सांगितलं. त्यातूनच दोन सूर येत असतील. हेडफोन क्षणभर खाली ओढला असता तर खरं-खोटं तिथल्या तिथे कळलं असतं. पंधरा सत्रं तिने तो ओढला नाही. सूर हाडातला नसेल, तर हे नाटक आहे आणि खरं औषध अजून मिळायचं आहे. सूर हाडातला असेल, तर उरलेल्या सत्रांत हात केव्हाही जागा होईल. या दोन आशांवर एकेक पाय ठेवून ती उभी होती, आणि तिला पक्कं ठाऊक होतं की खाली बघितलं की एक पाय सुटणार.

आज तिने खाली बघितलं. ती चाल डोक्यातून जात नव्हती, तीन सूर आणि वर, तीन सूर आणि वर. खुर्चीत बसवून डॉक्टर सेगर्सनी उजव्या कानशिलाच्या वर केसांत जेल चोपडलं, गार, गिळगिळीत. बशीएवढी चकती टेकवली, हेडफोन चढवला आणि त्या काचेपलीकडे जाऊन पडद्याकडे वळल्या. गुणगुणाट सुरू झाला. लाट आली. गोडेलीव्हने उजव्या हाताने हेडफोनची मानेमागची पट्टी खाली ओढली, दोन्ही कान उघडे केले. गुणगुणाट गेला, लाट गेली, आणि सूर राहिला. बारीक, कोरडा, हललाच नाही. बाहेरून कुठूनही येत नव्हता, हनुवटीच्या हाडात, दातांत, उजव्या डोळ्यामागे होता. तिच्या मनोऱ्यात या सुराच्या अगदी जवळची एक घंटा आहे, बादलीपेक्षा लहान, वरच्या रांगेत कोपऱ्यात. तिने पट्टी पुन्हा चढवली. हात पाहिला. तो मांडीवर पालथा पडला होता. सोळा दिवस रोज वीस मिनिटं हा सूर त्याच्या मालकिणीच्या डोक्यात वाजत होता आणि त्याला ऐकू गेला नव्हता.

नाही, असं लगेच ठरवायचं नाही. नाटकातही थोडं काहीतरी सोडत असतील, नुसती थरथर, सगळ्यांना वाटावं म्हणून. कोण सांगावं? बाहेर येऊन तिने ओडिलॉनची बाही धरली.

"माझं एक काम कर. आत गेलास की मधेच कानावरचं काढ. दोन्ही कानांवरचं. बाई बघत नसताना. आणि काय ऐकू येतं ते मला सांग."

"कशाला?"

"कर रे. घंटेवालीचं डोकं आहे, समज."

"पकडलं तर तुझं नाव सांगणार मी," तो खूश होऊन म्हणाला आणि आत गेला.

तिने व्यायामाची वेळ चुकवली. बाकावर बसून राहिली. त्यालाही ऐकू येऊ दे, ती म्हणत होती, कोणाला म्हणत होती कोण जाणे. तिने कित्येक वर्षांत प्रार्थना केली नव्हती, चर्चच्या मनोऱ्यात आयुष्य काढूनही ती प्रार्थनेला खाली उतरत नसे. त्यालाही ऐकू येऊ दे, म्हणजे सूर सगळ्यांनाच आहे, म्हणजे माझा खोटा असू शकतो. माझा खोटा असू दे. आयुष्यभर ज्या बाईने सूर खरा असावा म्हणून लोकांचं डोकं खाल्लं, ती आता सूर खोटा असावा म्हणून बाकाची कड दाबून धरत होती. वीस मिनिटांनी ओडिलॉन बाहेर आला, डोक्यावर जेलने केस उभे राहिलेले.

"काढलं बघ ते विटलोफ कानावरून."

"मग?"

"मग काय? काही नाही. गार शांत. आमच्या तळघरासारखं."

"डोक्याच्या आत? नीट आठव. बारीक शिट्टीसारखं? दातांत?"

"अगं, काही नाही म्हणतो ना. आणि असेल कसं? पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं नव्हतं का, खरा आवाज माणसाला ऐकूच येत नाही! ऐकू आलं नाही म्हणजे खरंच ते." मग त्याचे डोळे बारीक झाले. "तू पण काढलंस? तुला आलं ऐकू?"

"आलं."

ओडिलॉनचा चेहरा क्षणभर पडला आणि मग एकदम उजळला. "म्हणजे तुझं फुसकं! अगं वेडे, रडतेस काय? चांगलं आहे की! मी सोळा दिवस विचार करतोय, हिचा हात का हलत नाही, हिच्यासारखी बाई, रोज वेळेवर येणारी. तुला मिळालंच नाही काही, हलणार कसा? ऑक्टोबरात तुला खरं देतील. तोपर्यंत जरा कळ काढ."

ती त्याच्या हाताकडे बघत होती. तो बोलताना उजवा हात हवेत हलत होता, जाड, मळक्या नखांचा, जरा वेडावाकडा पण जिवंत. त्या हाताला कोणी काही दिलं नव्हतं. एक थेंब नाही. नुसता गुणगुणाट, व्यायाम, आणि हा वेडा विश्वास. त्या क्षणी तिला ओडिलॉनचा भयंकर राग आला. तोंड उघडावं आणि सांगावं, तुझंच फुसकं, येड्या, ऐकू यायला हवं होतं, हाडात यायला हवं होतं, तुझ्या डोक्याला रोज रिकामी बशी लावतात. सांगितलं तर काय होईल? कप परत शर्टावर उलटा होईल का? कदाचित काहीच होणार नाही. त्याचा हात आपोआप सुधारत असेल, पहिल्या वर्षात काहींचा सुधारतो. पण कदाचित होईल. ती एवढंच म्हणाली, "हो. तसंच असेल."

गाडीत परत येताना तिने स्वतःलाच कोर्टात उभं केलं. आपण विश्वास ठेवला नाही, म्हणून का? त्याने ठेवला, त्याला मिळालं. आपण कान लावून बसलो, लाटा मोजत बसलो. पण कान लावायचा नाही तर काय करायचं? दुसरं काही तिला येतच नव्हतं. लहानपणीसुद्धा आई अंगाई म्हणायची तेव्हा ही बेसूर जागा आली की डोळे उघडायची. आई म्हणायची, हिला झोपवणं म्हणजे शिक्षाच.

घरी पुढच्या खोलीत सरावाचा बेयार्ड होता, तशाच दांड्या, पण घंटांच्या जागी लोखंडी पट्ट्या. संध्याकाळी तिने एक लांब मोजा घेतला, डाव्या हाताची बोटं उजव्या हाताने एकेक मिटवली आणि दातांनी गाठ मारून मूठ बांधली. मग खांद्यातून हात झोकून दांडीवर टाकला. दोन दांड्या एकदम दबल्या, शेजारशेजारच्या, किंचाळल्यासारखा आवाज झाला. पुन्हा टाकला. तीन. पुन्हा. मारायचं नसतं, उतरवायचं असतं, हे ती सव्वीस वर्षं मुलांना सांगत आली होती. बांधलेली मूठ खाटकाच्या हातोड्यासारखी पडत राहिली. करंगळीची कड फुटली ते तिला दुखण्यावरून समजलं नाही, मोज्यावर लाल डाग दिसला तेव्हा समजलं. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याने भिंत ठोकली. त्याची थाप बरोबर तालात होती. तिने हात बेयार्डच्या झाकणाखाली धरला आणि झाकण त्यावर आपटावं असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. मग मोजा सोडला, करंगळी नळाखाली धरली आणि पाणी गार आहे की गरम तेही तिला कळलं नाही.

अठराव्या दिवशी तिने डॉक्टर सेगर्सना काचेच्या खोलीत गाठलं. "डॉक्टर, जास्त सोडता येईल का?"

"काय जास्त?"

"आवाज. दुप्पट. तिप्पट. मी सही करून देते. माझं काही झालं तर माझी जबाबदारी."

"बाई, बसा. तुम्हाला काय मिळतंय हे मलाच माहीत नाही. कदाचित काहीच मिळत नसेल."

"आणि मिळत असेल तर?"

डॉक्टर सेगर्स तिच्या करंगळीवरच्या पट्टीकडे बघत राहिल्या. "तर मग," त्या सावकाश म्हणाल्या, "काहींना उपयोग होतो, काहींना नाही. म्हणून तर अभ्यास करायचा. झटका येऊन सहा महिने झाल्यावर मेंदू हट्टी होतो. तुम्हाला काही समजलंय का, गोडेलीव्ह? समजलं असेल तर मला सांगावं लागेल, आणि मग तुमची नोंद अभ्यासातून काढावी लागेल."

"नाही," ती म्हणाली. "मला काय समजणार?" दोन सत्रं उरली होती. सूर खरा होता आणि निरुपयोगी होता, पण तो अजून दोनदा डोक्यात वाजणार होता, आणि तेवढ्यासाठी ती खोटं बोलली. विसाव्या सत्रात तिने डोळे मिटून हाडातला तो सूर ऐकला, संपेपर्यंत. कधी संपला ते तिला अचूक समजलं. यंत्राचा दिवा त्यानंतर विझला.

मग मोजणी झाली. एका खोक्यातले लाकडी ठोकळे मधली भिंत ओलांडून दुसऱ्या खोक्यात टाकायचे, एका मिनिटात जमतील तेवढे. पहिल्या दिवशी गोडेलीव्हने तीन टाकले होते. आज तिने दात आवळून, खांदा वर उचलून, अख्खं अंग त्या हातामागे लावून तीन टाकले. चौथा बोटांना चिकटून भिंतीपर्यंत आला आणि अलीकडेच पडला. पलीकडच्या टेबलावर ओडिलॉन एकोणतीस आकडा मोठमोठ्याने ओरडत होता. पहिल्या दिवशी त्याचे अकरा होते.

शेवटी दोघांना एकेक कागद दिला. एकच प्रश्न, रीतच होती तशी: तुम्हाला काय मिळालं असं वाटतं? खरं, नाटक, सांगता येत नाही. खाली एक ओळ, कारणासाठी. ओडिलॉनने पेन मुद्दाम उजव्या हातात धरलं, जीभ बाहेर काढून खऱ्यासमोर फुली मारली आणि ती कागद फाटेस्तोवर गिरवली. कारणाच्या जागी मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: हात हलला. मग तो तिच्या कागदावर झुकला. त्याच्या अंगाला मातीचा आणि कॉफीचा वास येत होता.

"मार ना. विचार कसला करतेस?"

खरं. ते एका फुलीचं काम होतं. ती फुली मारली की सगळं लिहिल्यासारखं होणार होतं, शहराला पाठवायचं उत्तर, आनेलोरेचा डबा, ऑक्टोबर नसणं. आणि हा मूर्ख, प्रेमळ, लाल मानेचा माणूस ती फुली बघणार होता, आणि शेतकऱ्याच्या डोक्याने सावकाश, रात्रीतून नाही तर आठवड्याने, हिशेब जुळवणार होता की जिला ऐकू आलं तिचं खरं, तर ज्याला ऐकू आलं नाही त्याचं काय. गोडेलीव्हने नाटकासमोर फुली मारली. कारणाच्या जागी तिने लिहिलं: हात हलला नाही. एवढं तरी खरं होतं.

"शाब्बास," ओडिलॉन म्हणाला. "ऑक्टोबरात मी येतो तुझ्याबरोबर. तुला विटलोफ शिजवून आणतो, हॅम गुंडाळून, वर चीज. खरं मिळालं की कळेल तुला, काय फरक असतो ते."

"कळेल," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला, आणि त्याला वाटलं ती आनंदाने रडते आहे.

डॉक्टर सेगर्सनी कागद वाचले, एकावर एक ठेवले आणि दोघांशी हात मिळवला. बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये गोडेलीव्हने कोट अंगावर घेतला. एका हाताने बटणं लावायची युक्ती तिने डिसेंबरातच साधली होती, पाच बटणं, अर्धं मिनिट. पण ओडिलॉन पुढे येऊन उभा राहिला.

"थांब. मी लावतो."

"मला येतात रे."

"येत असतील. मला लावायची आहेत."

तो वाकला. त्याची जाड बोटं पहिल्या बटणावर आली, घसरली, परत आली. लोक बाजूने जात होते. बटण काजात गेलं. दुसऱ्याने बराच वेळ खाल्ला. त्याच्या कपाळावर घाम आला, आणि तो तोंडाने त्या बटणाला समजावत होता, गायीला समजावावं तसं. तिला ओरडावंसं वाटलं, त्याला ढकलावंसं वाटलं, त्याचा तो हात धरून चावावासा वाटला. ती स्वस्थ उभी राहिली. तिसरं लागलं. चौथं लागता लागता सुटलं, आणि ओडिलॉनने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, ओशाळून, हसत.

"तुझी गाडी चुकेल का गं? घाई आहे का तुला?"

"नाही," गोडेलीव्ह म्हणाली. "मला आता कसलीच घाई नाही."